एक्केचाळिसाव्या ओळीतले शीड

मी एक जुने शीड आहे, मित्रांनो.

थांबा. असे म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे निळे आकाश येते, पांढरेशुभ्र फुगलेले शीड येते, खाली डौलात चाललेली होडी येते. ते मी नव्हे. पुन्हा सुरू करते.

मी एक जुने, लहान, जाडेभरडे, नारिंगी शीड आहे. दोन चादरी तिरक्या जोडल्या तर जेवढे होईल तेवढे. मला वादळी शीड म्हणतात. वारा इतका वाढला की मोठी शिडे होडीला आडवी पाडतील, तर ती उतरवायची आणि मला चढवायचे. होडीला थोडी तरी ओढ लागते. ओढ नसली की सुकाणू ऐकत नाही, आणि मग लाटा होडीला हव्या तिकडे फेकतात.

म्हणजे चांगल्या दिवसांत मी कुणालाच नको असते.

पाहा, तक्रार सुरू झाली. मला धड एका जागी बसताच येत नाही. एकवीस वर्षे एका घडीत काढली आहेत मी. आता सांगायला मिळाले तर शब्द नुसते फडफडतात. सांभाळून घ्या.

जन्म

एका लांबलचक खोलीत मी जन्मले. तिथे जमीन लाकडी होती आणि टेबल एकही नव्हते. शिडे शिवणारी बाई जमिनीत केलेल्या खड्ड्यात बसायची. तिचे मशीन जमिनीच्या बरोबरीने, म्हणजे कापड कितीही मोठे असले तरी सरकत राहावे. दारात चपला काढाव्या लागत. एकदा एक गिऱ्हाईक बूट घालून आत आले तर ती म्हणाली होती, "साहेब, तुमच्या कोटावर मी चालून दाखवू का?"

माझ्या प्रत्येक जोडावर तिने तीन-तीन शिलाया घातल्या. तिन्ही कोपऱ्यांवर सहा-सहा पदर कापड. माझ्या पुढच्या कडेला सात पितळी आकडे बसवले. होडीच्या टोकापासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत एक तार ताणलेली असते. हे आकडे त्या तारेत अडकवायचे आणि दोर ओढला की मी सरसर वर जाणार. अशी माझी रचना.

शेवटचा दोरा तिने दातांनी तोडला, माझी घडी घातली, पिशवीत कोंबले आणि वरून थोपटले. "तुझ्यावर वेळ न येवो," ती म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही शाळेत निघालात आणि दारातच कुणी म्हणाले, "तुला कधी काही करायची पाळी न येवो," तर कसे वाटेल? तो आशीर्वाद होता हे मला कळते. तरीही.

माझी कामगिरी

एकवीस वर्षांत मी पुढील कामे केली. चिमीची उशी झाले. बटाटे सोलताना बसायचे आसन झाले. गॅसची टाकी खडखडू नये म्हणून तिच्या बगलेत ठासलेली पाचर झाले. एका मांजरीने माझ्या पिशवीवर तीन पिल्ले घातली. ती माझी सर्वांत चांगली आठ दिवसांची नोकरी.

वाऱ्यात मात्र एकदाही गेले नाही.

माझ्या होडीची माणसे तीन. बाबा, आई आणि चिमी. बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. आई पाण्याला भीत नाही, पण होडीत पाय ठेवला की तिला मळमळते. म्हणून ती धक्क्यापर्यंतच. चिमी अडतीस वर्षांची आहे, मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स आहे, हाताखाली सहा जणी आहेत. घरात मात्र अजून चिमीच.

आणि होत्या पांढऱ्या बाईसाहेब. म्हणजे मोठे, हलके, मंद वाऱ्याचे शीड. बाबांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेले. त्यांना गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे, घडी रोज वेगळ्या जागी घालायची, म्हणजे कापड एकाच रेषेत मोडत नाही. पाहुणे आले की बाबा त्यांना उलगडून दाखवत. माझ्याकडे नुसत्या पायाने दाखवत. "आणि ते वादळी शीड. आहे आपलं."

'आहे'. हा शब्द लक्षात ठेवा.

यादी

बाबांची एक यादी होती. प्लास्टिकच्या कागदात बंद केलेली, त्रेसष्ट ओळींची. तेलाचा फिल्टर. नांगराची साखळी. लाइफ जॅकेट. औषधे. दर वर्षी हंगामाच्या आधी बाबा ती मोठ्याने वाचत आणि खूण करत. एक्केचाळिसावी ओळ माझी.

"वादळी शीड. आहे."

खूण.

एकवीस खुणा. पिशवी एकदाही उघडली नाही. मी होते, हे खोटे नव्हते.

पण तीन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली. ती फक्त मला ठाऊक होती, आणि तिने माझी उरलीसुरली झोप उडवली.

जुनी तार बदलायला तारवाला आला होता. मी खाली, पिशवीत. वरून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"बाबा, या वेळी एक नंबर जाड घालतो. निर्धास्त राहा. फक्त या तारेवर जे जे चढतं त्याचे आकडे मोठे करून घ्या. जुने बसायचे नाहीत."

"करतो की," बाबा म्हणाले.

आणि केले. बाईसाहेबांचे केले. रोजच्या शिडाचे केले.

माझे? मी खाली होते. मी काही चढणाऱ्यांतली नव्हते. माझी आठवण कुणाला झालीच नाही.

तेव्हापासून, मित्रांनो, माझे मन दोन्हीकडून ओढले जाऊ लागले. आधी वाटायचे, एकदा तरी मला बाहेर काढा. आता वाटू लागले, काढाल तेव्हा वादळ असेल, बाबा ओल्या पुढच्या टोकावर गुडघ्यांवर बसलेले असतील, आणि माझा एकही आकडा तारेत बसणार नाही. ज्या एका क्षणासाठी मला शिवले, नेमक्या त्याच क्षणी मी दगा देणार. आणि हे मला आधीच माहीत. आणि मला तोंड नाही.

तीन वर्षे. तुम्ही एका कुशीवर पडून हे तीन वर्षे झेलून पाहा.

निघायचे ठरले

मग आमचा धक्काच पाडायचे ठरले. नवा बांधणार होते. आठवडाअखेर सगळ्या होड्या हलवा, अशी नोटीस लागली. बाबांनी किनाऱ्या-किनाऱ्याने दूरच्या बंदरात जागा मिळवली. जवळजवळ चाळीस तासांचा पल्ला. वाटेत एक लांब भूशिर, म्हणजे समुद्रात घुसलेला खडकाळ डोंगर. त्याच्या आसपास आसऱ्याला एकही बंदर नाही.

चिमीने रजा काढली. बापलेक दोघेच जाणार होते.

आमच्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. पूर्ण भरतीलाच होडी बाहेर पडते. भरती दुपारी चारला. वारा परवा रात्री वाढणार, असे रेडिओ सांगत होता. चारला निघालो तर परवा सकाळी पोचणार. हिशेब चोख होता.

सकाळी आठला बाबांनी यादी हातात घेतली.

"एक. पिण्याचं पाणी. आहे."

"कुठे?" चिमीचा आवाज.

"कुठे म्हणजे? टाकीत."

नळ सुटल्याचा आवाज. घोट. "हं. पुढे."

"दोन. तळाचा पंप. आहे."

घरघर, मग बाहेर पाणी पडल्याचा आवाज. "चालतो. पुढे."

"चिमे, अशाने संध्याकाळ होईल."

"बाबा, आमच्याकडे 'आहे' चालत नाही. उघडायचं, हातात घ्यायचं, मोठ्याने बोलायचं. एकदा ऑपरेशनच्या अवजारांच्या बंद ट्रेवर चिठ्ठी होती, 'आहे'. पेशंट टेबलावर. उघडला तर अर्धा ट्रे रिकामा."

"मग?"

"मग काय. बारा मिनिटं लागली दुसरा आणायला. ती बारा मिनिटं मला अजून आठवतात."

धक्क्यावरून आईचे हसू आले. "याच माणसाला विचार, लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी विचारायचे, मीठ आहे का हो? हे आतूनच, 'आहे!' डब्यात खडखडाट."

"तीस वर्षं झाली त्या मिठाला," बाबा म्हणाले.

"चाळीस. आणि आमटी अजून अळणी लागते मला."

मी खाली यादीतल्या ओळी मोजत होते. सात. अठरा. एकोणतीस विजेरी: सेल फुगलेले निघाले, बदलले. तेहतीस लाइफ जॅकेट: एकाची शिट्टी नव्हती. माझी ओळ जवळ येत होती. तळाशी मी, माझ्यावर पाण्याचे सहा कॅन, त्यावर बटाटे-कांदे, त्यावर दोरांची वेटोळी. बारा वाजले. साडेबारा.

"चाळीस. भोंगा. आहे, हे बघ." भोंगा वाजला. बाबांना आता गंमत वाटू लागली होती.

"एक्केचाळीस. वादळी शीड. आहे. बेचाळीस..."

मी श्वास रोखला. मला श्वास नसतो, तरी.

"कुठे आहे?"

"अगं, सगळ्याच्या खाली. सकाळपासून तू त्याच्यावरच रचतेयस."

"काढते."

"चिमे! सगळं उपसावं लागेल. हवा बघ. वारा परवा रात्री. तोवर आपण गरम पाण्याने आंघोळ करून झोपलेलो असू."

"मग यादीतून खोडा त्याला."

बाबांनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले.

"खोडा ना. नको असेल तर ओळ नको. ओळ असेल तर बघायचं."

आई म्हणाली, "बटाटे मी घेते बाहेर. वाद नंतर घाला, दोघं आहातच चाळीस तास एकमेकांच्या तावडीत."

कॅन हलले. एक. दोन. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. पिशवीची दोरी सुटत नव्हती, चिमीने ती कापली.

उजेड.

एकवीस वर्षांनी. मला वाटले मी पांढरीच होईन.

शेजारच्या होडीवर अंदाजकाका होते. ते प्रत्येक वाक्य 'माझा अंदाज आहे' असे सुरू करतात, म्हणून हे नाव. ते पोट धरून हसले. "माझा अंदाज आहे, वाऱ्याने आज सुट्टी घेतलीय. आणि तुम्ही वादळी शीड चढवताय? तहान लागायच्या आधी विहीर खणतात हे ऐकलं होतं. तुम्ही तर आधीच नाक दाबून बुडून बघताय!"

"हसा काका," चिमी म्हणाली, "हसायला तरी कुठे वारा लागतो?"

बाबा मला घेऊन पुढच्या टोकावर बसले. पहिला आकडा उघडला, तारेला लावला.

बसेना.

त्यांनी अंगठ्याने दाबला. मग तळहाताने. मग दुसरा आकडा पाहिला, मग तिसरा. सातवा पाहिला तेव्हा अंदाजकाकासुद्धा हसायचे थांबले होते.

"तार..." बाबा म्हणाले. "तारवाला म्हणाला होता."

चिमीने नुसते तारेवर बोट फिरवून जाडी पाहिली. ती नर्स आहे. कुठे बोलायचे नसते हे तिला कळते.

"चौतीस वर्षं लिफ्ट तपासल्या मी," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, जणू मीच विचारले होते. "स्वतः आत बसून वर-खाली केल्याशिवाय एका कार्डावर सही केली नाही. दुसऱ्याच्या पोरांसाठी. आणि माझी पोर बसणार त्या होडीला नुसती खूण. एकवीस वर्षं."

दीड वाजता

योग्य मापाचे आकडे दुकानात नव्हते. मागवले तर चार दिवस. तोवर धक्काच राहणार नव्हता.

चारच्या भरतीला माझ्याशिवाय निघायचे? आभाळ स्वच्छ होते. बाबांनी घड्याळ पाहिले, पाण्याची रेघ पाहिली. पाणी चढत होते.

मग ते खाली गेले आणि पांढऱ्या बाईसाहेबांना घेऊन आले.

मित्रांनो, किती वर्षे मला वाटत होते की एकदा यांचा तोरा उतरावा. बाबांनी सुरी घेतली आणि त्यांच्या कडेचा पहिला आकडा पट्ट्यासकट कापला, तेव्हा कापडाचा जो आवाज झाला तो ऐकून मला मुळीच बरे वाटले नाही. सात आकडे काढले. बाईसाहेब धक्क्यावर तशाच पसरल्या होत्या, एक कड दात पडल्यासारखी.

"टाके घालता येतात ना तुला?" बाबांनी विचारले.

"मी टाके मोजते, बाबा. घालतात डॉक्टर."

"मग आज बढती."

जाड सुई, मेण लावलेला दोरा, तळहातावर चामड्याचा पट्टा. चिमी टाके घालत होती, बाबा पक्कडीने सुई ओढत होते, आई सुईत दोरा ओवत होती आणि दोघांना सूचना देत होती. चार वाजले. एक होडी बाहेर पडली, मग दुसरी. चौथा आकडा चालू होता. पाच वाजता पाणी उतरू लागले. कुणी वर पाहिले नाही.

सहा वाजता मला पुन्हा चढवले. सातही आकडे तारेवरून सरसरत गेले. वारा नव्हताच, मी ओल्या सदऱ्यासारखी लोंबत राहिले. बाबांनी खालचा कोपरा ओढून पाहिला, दोर बांधायची जागा पाहिली, उतरवले, पुन्हा चढवले.

"एक्केचाळीस," ते म्हणाले, आणि खूण न करता चिमीकडे यादी दिली. "तू कर."

आता पुढची भरती पहाटे साडेचारची. बारा तास हातचे गेले. परवा सकाळऐवजी परवा संध्याकाळी पोचणार. वारा रात्री. अजून जमत होते. पण बेताचे.

भूशिर

वाऱ्याने रेडिओ ऐकलेला नव्हता. तो रात्रीऐवजी दुपारी आला.

भूशिराची काळी धार डाव्या हाताला. आधी रोजचे शीड. मग रोजचे शीड नको झाले. डोलकाठीमागच्या मोठ्या शिडाची घडी घालून ते एवढेसे केले. होडी तिरकी, आणखी तिरकी. स्वयंपाकघरातली भांडी एकदम एका बाजूला.

"बाबा! खडकांकडे सरकतोय आपण!"

"दिसतंय. सुकाणू घट्ट धर. मी पुढे जातो."

"पट्टा! कमरेचा पट्टा होडीला अडकवलात?"

"अडकवला."

"हात लावून सांगा!"

"लावला! लावला गं!"

ते पुढे आले. गुडघ्यांवर. नेमके तसेच, जसे मी तीन वर्षे मनात पाहत होते. एक लाट त्यांच्यावरून गेली. मी पिशवीतून निम्मी बाहेर, वारा मला त्यांच्या हातून हिसकत होता.

पहिला आकडा.

टक.

दुसरा. टक. तिसरा. त्यांची बोटे गारठली होती, चौथा चाचपडत. टक. पाच. लाट. सहा.

सात.

दोर ओढला गेला. मी वर गेले. आणि वारा माझ्यात शिरला.

कसे सांगू? आयुष्यभर मी चुळबुळत होते. घडीत, पिशवीत, बटाट्यांखाली. तिथे, त्या सगळ्या गोंगाटात, मी पहिल्यांदा शांत झाले. एक सुरकुती उरली नाही. होडीने मान वर केली, सुकाणू ऐकू लागले, आणि काळी धार हळूहळू, फार हळूहळू, मागे सरकली.

साडेपाच तास. चौथ्या आकड्याचा एक टाका सुटला. बाकीचे धरून राहिले.

धक्का, पण दुसरा

आम्ही पोचलो. मला वाळत घातले. दुसऱ्या दिवशी अंदाजकाकाही आपली होडी घेऊन आले. ते बाकीच्यांबरोबर चारच्या भरतीला निघाले होते, पण वाटेत आराम करायला एका खाडीत थांबले आणि वारा ओसरेपर्यंत तिथेच राहिले.

"माझा अंदाज आहे," ते म्हणाले, "शीड शिवत बसला नसतात तर वारा लागलाच नसता तुम्हाला. तुम्ही उशीर केलात या शिडासाठी, आणि शीड लागलं ते उशिरामुळे."

हे खरे आहे, मित्रांनो. मी तेव्हापासून त्यावरच विचार करते आहे. कदाचित मी नसते तर माझी गरजही पडली नसती. बाबांनी माझा सुटलेला टाका चाचपून पाहिला. मग म्हणाले, "लिफ्ट तपासायला बंद ठेवली की लोक जिने चढताना मला शिव्या द्यायचे. तेव्हाही माझ्याकडे उत्तर नव्हतं."

पोचल्यावर लगेच बाबांनी आईला फोन लावला होता. मी दोरीवर होते; सगळे ऐकू येत होते.

"पोचलो."

"चिमी बरी आहे ना?"

बाबांचे तोंड उघडले. शब्द ओठांवर आला होता, नेहमीचाच. तो त्यांनी गिळला. चिमी पलीकडे बसून ओले मोजे पिळत होती. बाबा उठले, तिच्यापाशी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि फोन तिच्या कानाला लावला.

"तिच्या तोंडून तूच ऐक," ते फोनकडे वाकून आईला म्हणाले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत, कपाटाच्या तळाशी असे कुणीतरी असेल: औषधांची पेटी, आग विझवायची लाल टाकी, गच्चीच्या दाराची जादा किल्ली. कधी एखादे माणूससुद्धा, ज्याच्याबद्दल सगळे नुसते 'आहे' म्हणतात. वादळाची वाट पाहू नका. एखाद्या निवांत दुपारी, काहीही घडत नसताना, त्याला बाहेर काढा. उजेडात धरा. बसते का पाहा. लोक हसतील. हसू देत.

माझ्या चौथ्या आकड्याचा टाका अजून सुटलेलाच आहे. चिमीने सुई काढली आहे, पण दोरा ओवायला आई लागते, आणि ती संध्याकाळच्या गाडीने येते आहे. तोवर मी इथे दोरीवर, वाऱ्यात. थोडीशी फडफडत.